रिव्हर्स नसलेला गिअरबॉक्स

"ह्यात रिव्हर्स कुठाय?"

मामंजींनी ट्रेमधला शेवटचा तुकडा उचलला, बोटांनी चाचपला, खाली ठेवला आणि विचारलं. आवाज चढवला नाही. ते ओरडायचे तेव्हा गॅरेजात कुणी ढुंकून बघत नसे. असे हळू बोलायला लागले की मात्र भल्याभल्यांच्या हातातला पाना खाली जायचा.

वहिनीनं पाना खाली ठेवला नाही.

तिला सगळेच वहिनी म्हणत. मालकाची बायको म्हणून वहिनी. तिच्या बापाच्या वयाची गिऱ्हाइकंही येऊन "वहिनी, मालक आहेत का?" असं विचारत, आणि ही कोपरापर्यंत तेलात बुडालेली बाई आत जाऊन मालकांना उठवून आणत असे. मालक बाहेर येऊन, हात मागे बांधून, बिघाड ऐकून घेत. मग आत येऊन बायकोला सांगत. ती खोलायची, ती धुवायची, ती बांधायची. गाडी दुरुस्त झाली की गिऱ्हाईक मालकांचा हात हातात घेऊन म्हणायचं, काय हात आहे हो तुमचा! आणि मालक तो हात, ज्याला तेलाचा डागही लागलेला नसे, अगदी विनयानं मागे घ्यायचे. माणूस वाईट नव्हता. फक्त आयतं मिळालेलं कौतुक परत करायची त्याला सवय नव्हती. ती फार कमी पुरुषांना असते.

समोरच्या बेंचवर जो गिअरबॉक्स उघडा पडला होता, तो एका हायब्रिड टॅक्सीचा. टॅक्सी एका मावशींची. मावशी दणकट, आवाज फाटका, आणि टॅक्सीवर जीव नवऱ्यापेक्षा जास्त, हे त्या स्वतःच सांगत. पेट्रोल संपलं म्हणून त्यांनी भावाच्या जीपला दोर बांधला आणि टॅक्सी शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली. दुसऱ्या दिवसापासून गिअरबॉक्समधून दळण दळल्यासारखा आवाज. गल्लीतल्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून, आत डोकावून, एकच निदान केलं होतं: हे आपल्याकडचं काम नाही, पुरा बॉक्स बदला.

वहिनी म्हणाली होती, "खोलून बघू."

तिनं खोलला. आत काय झालं होतं, ते तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. ह्या बॉक्सात तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, गाडी दोरावर, चाकं आपली गरागरा फिरतायत. म्हणजे आतले दाते सुकेच एकमेकांवर घासत राहिले. आतल्या चार छोट्या दातेरी चाकांपैकी एकाची बेअरिंग जळून काळी पडली होती. भंगारबाजारातून तिनं त्याच जातीच्या गाडीचा तो भाग शोधून आणला, धुतला, तपासला, आणि आज बॉक्स बंद करायला बसली होती. तेवढ्यात मामंजी आले.

ह्या गॅरेजचा एक कायदा होता. फार जुन्या काळी मामंजींनी एक बॉक्स बांधला, गाडीत बसवला, आणि त्यात रिव्हर्स लागलाच नाही. गॅरेज रस्त्यापेक्षा खाली. गाडी तोंड आत करून उभी. शेवटी ती पोरंटोरं जमवून ढकलत चढावर काढावी लागली आणि सबंध गल्ली दात काढत बघत राहिली. त्या दिवसापासून नियम: ज्यानं बॉक्स बांधला, त्यानंच गाडी उलटी चढावरून बाहेर काढायची, सगळ्यांदेखत. मामंजी बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहणार. रिव्हर्सचा गिअर कण्हतो, प्रत्येक बॉक्सचा वेगळा. त्या कण्हण्यावरून ते सांगणार, पास की नापास. त्यांचा कान ह्या बाबतीत कधी चुकला नव्हता, हे वहिनीही मान्य करत असे.

कायदा सगळ्यांना लागू होता. वहिनीला सोडून. तिनं बांधलेल्या गाड्या मालक बाहेर काढत. "गिऱ्हाईक बिचकतं गं," एवढंच कारण. इतक्या वर्षांत कुठलं गिऱ्हाईक बिचकलं, ते कुणी सांगितलं नाही, कारण बिचकायची संधीच कुणाला दिली नव्हती.

"विचारतोय मी," मामंजी म्हणाले. "सूनबाई, रिव्हर्सचं चाक कुठंय?"

"नाहीये."

"हरवलं?"

"मुळातच नाहीये. ह्या बॉक्सात रिव्हर्सचं चाक नसतंच."

पलीकडे पंप खोलत बसलेला जुना मिस्त्री फिस्सकन हसला. त्याला पाठीमागे कुरकुऱ्या म्हणत, तोंडावर भाऊ. चहा गरम असला तर तोंड भाजलं म्हणून कुरकुर, गार असला तर गार म्हणून. मामंजींच्या हाताखाली तयार झालेला. गिअरबॉक्सचं बेंच आपल्याकडे यावं ही त्याची इच्छा तो लपवत नसे.

"उस्ताद," कुरकुऱ्या म्हणाला, "धुताना गेलं असेल नाल्यात. आता सांगायला लाज वाटतेय, दुसरं काय. बिनरिव्हर्सची गाडी म्हणे! उद्या बिनचाकांची आणतील."

"भाऊ, तुमच्या हातातला पंप उलटा धरलाय तुम्ही," वहिनी म्हणाली.

कुरकुऱ्यानं खाली पाहिलं. पंप सुलटच होता. मावशी खो-खो हसल्या. त्या सकाळपासून स्टूल टाकून बेंचसमोरच बसल्या होत्या, ऑपरेशन बघायला बसल्यासारख्या.

मालक आतून धावत आले. बापाचा चेहरा पाहिला, बायकोचा पाहिला, आणि अशा वेळी ते जे नेहमी करत तेच केलं, दोघांच्या बरोबर मधल्या हवेकडे बघत म्हणाले, "आपण असं करू, बॉक्स आहे तसाच पॅक करून ठेवू. मावशींना सांगू, पुरा बदलून घ्या."

"मावशी इथंच बसलीय," मावशी म्हणाल्या. "सांगायचं तर इकडे तोंड करून सांगा."

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. गेले कित्येक महिने दुपारी सगळे पथारी पसरत, तेव्हा ही भंगारातून आणलेला असलाच एक बॉक्स मागच्या खोलीत पुढ्यात घेऊन बसायची. हातानं फिरवून बघायची. हे धरलं तर ते पळतं, ते धरलं तर हे. शिकवायला कुणी नव्हतं. कुणाला विचारलं असतं तर "तुला काय करायचंय" एवढंच शिकायला मिळालं असतं.

तिनं ट्रेमधला दातेरी चाकांचा जोड उचलला आणि मामंजींच्या पुढ्यात आपटला.

"हे बाहेरचं कडं धरा. दोन्ही हातांनी. दाते आतल्या बाजूला आहेत, बोटं सांभाळा."

मामंजींना कुणी असं फर्मावलं नव्हतं. पण पुढ्यात लोखंड आलं की त्यांचे हात त्यांना न विचारताच पुढे होत. त्यांनी कडं धरलं.

"भाऊ, तुम्ही इकडे या. हा मधला गिअर धरा. ह्याला सन गिअर म्हणतात, म्हणजे सूर्य. चिंधी घ्या, तेलकट आहे."

"मी कशाला?"

"ऊठ रे," मामंजी म्हणाले. कुरकुऱ्या कुरकुरत उठला.

मधला सन गिअर आणि बाहेरचं कडं, ह्यांच्या फटीत चार छोटी चाकं. एकीकडे सन गिअरचे दाते पकडून, दुसरीकडे कड्याचे. चारही एका चौकटीत बसवलेली. तिला कॅरिअर म्हणतात. स्वतःभोवतीही फिरतात आणि मधल्याला प्रदक्षिणाही घालतात, म्हणून ती ग्रह. वहिनीनं कॅरिअरचा दांडा हातात घेतला.

"मी इंजिन. मामंजी, तुमच्या हातात गाडीची चाकं. विजेची मोठी मोटारही तुमच्याच कड्यावर. भाऊ म्हणजे विजेची छोटी मोटार. आता गाडी सिग्नलला उभी आहे. मामंजी, कडं हलू द्यायचं नाही. भाऊ, तुम्ही सैल सोडा."

तिनं दांडा फिरवला. ती एक फेरा फिरली तर मधला गिअर साडेतीन-चार फेरे फिरला. कुरकुऱ्याच्या मुठीत चिंधीची दोरी झाली, बोटं आत ओढली गेली आणि तो "आयला!" म्हणून मागे सरला.

"गुदगुल्या झाल्या बघा भाऊंना," मावशी म्हणाल्या.

"गाडी उभी, इंजिन चालू, सगळी ताकद छोट्या मोटारीत," वहिनी म्हणाली. "ती त्याची वीज करते, बॅटरी भरते. भाऊ, परत धरा. आता मी फिरवते तसं हळूहळू आवळत जा."

कुरकुऱ्यानं नाक फुगवून आवळलं. मामंजींच्या हातातलं कडं जिवंत झाल्यासारखं सरकायला लागलं. त्यांनी जोर लावला. कडं ऐकेना.

"काय करतोयस रे?"

"मी काय करतोय! नुसता धरून उभाय!"

"बरोबर," वहिनी म्हणाली. "नुसतं धरलंय. त्यांनी जेवढं आवळलं तेवढी ताकद तुमच्याकडे आली. ह्यात पहिला गिअर नाही, दुसरा नाही, क्लच नाही. दात्यातून दाता सुटतच नाही कधी. भाऊंनी किती धरायचं आणि किती सोडायचं, एवढाच खेळ. जागेवरून निघण्यापासून सुसाट पळेपर्यंत."

मामंजींनी कडं सोडलं नाही. परत फिरव, म्हणून मानेनं खूण केली. तिनं फिरवलं. परत. त्यांचे डोळे मिटलेले होते. मग त्यांनी विचारलं, "आणि मागे कशी जाते?"

"मोठी मोटार उलटी फिरते. ड्रिल मशीनचं बटण उलटं केल्यावर फिरतं तसं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग आम्ही आयुष्यभर काय झक मारली?"

ही जागा नमतं घेण्याची होती. गुणी सुनेनं इथं म्हणायचं असतं की नाही हो मामंजी, तुमच्यापुढे आम्ही कोण. मालक तर डोळ्यांनी तेच सांगत होते, अगं म्हण, म्हणून टाक. आणि वहिनीला सासऱ्याबद्दल आदर नव्हता असंही नाही. तो तिला नवऱ्यापेक्षा जास्त त्यांच्याबद्दलच होता. म्हणूनच ती खोटं बोलली नाही.

"तुमच्या गाड्यांना रिव्हर्सचं चाक लागायचं, म्हणून तुम्ही बांधलंत. आणि चोख बांधलंत. हिला लागत नाही, म्हणून मी बांधणार नाही."

मामंजी हात पुसत म्हणाले, "हाताला पटलं. डोक्याला नाही पटत. कर बंद बॉक्स. निघाली चढावरून, तर हे बेंच तुझं, कुणी बोट लावणार नाही. नाही निघाली, तर भाऊचं. मग तू फक्त धुवायचं."

"चालेल," वहिनी म्हणाली. "पण काढणार मी."

"अगं—" मालक म्हणाले.

"अहो, कायदा आहे ना? ज्यानं बांधला त्यानं काढायची. बांधला कुणी?"

मालकांनी पुन्हा मधल्या हवेकडे पाहिलं. हवेनं काही मदत केली नाही.

बॉक्स बंद झाला, गाडीत चढला, तेल भरलं. तोवर दुपार कलली, आणि बातमी गल्लीभर झाली होती. बातमी कशी झाली विचारू नका. कुरकुऱ्या मधे एकदा तंबाखू आणायला म्हणून बाहेर गेला होता. चढाच्या वर दोन्ही बाजूंनी मिस्त्री उभे. पुरा बॉक्स बदला म्हणणारे सगळे जातीनं हजर. एकानं बसायला टायर आणला होता.

मालकांनी सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. वहिनी त्या हाताला वळसा घालून गाडीत बसली.

मामंजी समोर आले. बॉनेटवर तळहात ठेवला. गाडीच्या पोटातलं ऐकायचं असल्यासारखे थोडे वाकले.

तिनं बटण दाबलं. समोरच्या काचेखाली दिवे लागले. बाकी काही नाही.

"चालू तरी झाली का?" कुरकुऱ्यानं मोठ्यानं विचारलं. वरून कुणीतरी हसलं.

तिनं दांडी रिव्हर्सवर टाकली, ब्रेकवरचा पाय उचलला, आणि गाडी मामंजींच्या तळहाताखालून निघाली. आवाज नाही. कण्हणं नाही. हाताला हिसका नाही. मामंजी कान देऊन उभेच, आणि गाडी सरकत गेली. त्यांचा हात क्षणभर हवेत तसाच राहिला. इतकी वर्षं ज्या आवाजावर त्यांनी माणसं पास-नापास केली, तो आवाजच आला नव्हता. त्यांचा चेहरा वहिनीनं पाहिला. पण पाय तिनं परत ब्रेकवर नेला नाही.

मामंजी दोन ढांगांत पुढे झाले आणि पुन्हा बॉनेटवर हात टेकवला. गाडी मागे, ते पुढे. असे दोघं चढाला लागले.

चढाच्या मध्यावर बॅटरीनं मान टाकली. गाडी कित्येक दिवस गॅरेजात पडून, त्यात चढ. ते होणारच होतं, आणि बॅटरी उतरली की ह्या गाडीचं इंजिन आपणहून लागतं. गाडी एकदा थरथरली आणि धाडकन इंजिन सुरू झालं.

"इंजिन लागलं!" कुरकुऱ्या किंचाळला. "ब्रेक दाबा! पुढे येईल! उस्ताद, बाजूला व्हा!"

त्याला हसू नका. त्याची भीती खरी होती. त्याच्या उभ्या आयुष्यात इंजिन फिरायचं एकाच दिशेनं, आणि चाकं उलटी फिरवायची तर मधे रिव्हर्सचं चाक लागायचंच. ते चाक ह्या गाडीत नाही, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग इंजिन लागल्यावर गाडी पुढे झेपावणार, उस्तादांना भिंतीशी चिरडणार, ह्यात त्याला शंका नव्हती. मालकांनी धावत जाऊन बापाची बाही धरली.

वहिनीच्या डोक्यात सगळं स्वच्छ होतं. पण भंगारातला कॅरिअर तिनं बसवला होता. त्यातला एखादा ग्रह आत्ता अडकला तर? समोर सासरा उभा. उजवा पाय ब्रेककडे निघालाच होता. तिनं तो अडवला. तिनं चारही ग्रह बोटानं फिरवून पाहिले होते, एकेक. ब्रेक दाबला तर गाडी थांबेल, आणि चढावर थांबलेल्या गाडीचा अर्थ ही गल्ली एकच लावेल. तिनं वेगच वाढवला.

इंजिन गुरगुरलं. गाडी मागेच गेली.

मामंजींनी मुलाचा हात झटकून टाकला. ते बॉनेटला चिकटून चालत होते, धापा टाकत.

"इंजिन पुढे ओढतंय," ते म्हणाले. "आणि गाडी मागे चाललीय."

"बाबा, सोडा तो हात!"

"गप रे! इंजिन इकडे, चाकं तिकडे, आणि दाता सुटत नाही. मग मधला फरक जातो कुठं?" दोन पावलं गेली. आणि त्यांनी मागे वळून, सबंध गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "मधला! अरे, तो मधला पिसाळलाय आतमध्ये! सगळा फरक तो एकटा खातोय! आणि मोठी मोटार इंजिनाला दाबून गाडी मागे नेतेय!"

कुणाला काही कळलं नाही. गाडी चढ संपवून रस्त्यावर आली होती, एवढं मात्र सगळ्यांना कळलं. टायरवर बसलेला माणूस उभा राहिला.

आणि वहिनी थांबली नाही. सरळ व्हायची, गाडी पुढे घ्यायची, तर ती तशीच उलटी गल्लीतून निघाली. नजर आरशात, मान ताठ, एक हात स्टिअरिंगवर. ज्या ज्या गॅरेजनं पुरा बॉक्स बदला म्हटलं होतं, त्या प्रत्येकाच्या दारासमोरून, सावकाश. मिस्त्री भिंतींना चिकटून वाट देत गेले. आत गिअरबॉक्समधून दळणाचा आवाज नाही, काही नाही. कोपऱ्यापर्यंत जाऊन मग ती पुढे तोंड करून परत आली आणि मामंजींच्या पायाशी थांबली.

शेजारचा गॅरेजवाला पुढे आला. मालकांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं दादा! बांधला कुणी?"

"आम्हीच," मालक सवयीनं म्हणाले.

"आम्ही कोण?" मामंजी म्हणाले. "तू कुठं होतास? पाना कुठला लागतो ते तरी माहितीय का? तिनं खोलला, तिनं बांधला, तिनं काढला. नीट सांगत जा लोकांना."

मालक लाल झाले. मग, त्यांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "हिनं बांधला. मागचेही सगळे हिनंच." आणि कुठं बघावं ते न कळून बायकोकडे बघितलं. आज बहुतेक पहिल्यांदाच, सरळ.

वहिनीनं काच खाली केली. "मामंजी, पास का नापास?"

म्हातारा खिडकीशी वाकला. अजून धाप लागत होती.

"हिला आवाज नाही. माझा कान काय सांगणार? तूच सांग."

सगळे थांबले. तिनं पास म्हणून टाकायचं, की झालं. कुरकुऱ्यासुद्धा, तोंड पाडून का होईना, टाळी वाजवायला तयार होता.

"आत्ताच कसं सांगू?" वहिनी म्हणाली. "तेल गरम झालेलं नाही. बेअरिंग भंगारातली आहे, भार घेतल्याशिवाय ती बोलायची नाही. पुलाचा चढ चढवून आणते, मग सांगते."

मामंजी गाडीला वळसा घालून पलीकडचं दार उघडून तिच्या शेजारी येऊन बसले.

"आणि मी?" मावशी ओरडल्या. "गाडी माझी आहे!"

"मागे बसा, मावशी. आज तुम्ही पॅसेंजर."

"मी पण येतो," मालक म्हणाले.

"तुम्ही गॅरेज बघा. भाऊ एकटे आहेत."

गाडी गल्लीबाहेर पडली. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मामंजींना राहवेना. हे किती गरम होतं, ती जळालेली बेअरिंग कुठल्या बाजूची, ओढताना मधला किती पिसाळला असेल, इंजिन बंद झालं ते कधी, आपल्याला कसं कळलं नाही, एकामागून एक चाललं होतं. समोर पुलाचा चढ दिसायला लागला. वहिनीनं वेग वाढवला, काच वर केली.

"मामंजी, जरा गप्प बसता का? मला ऐकायचंय."



मामंजी गप्प बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत, पूल संपेपर्यंत.